गिरजाच्या हातावरचा जांभळा गोल

भूत दिसलं म्हणून कोणी सांगू लागलं, की मी आधी त्याचा ताप पाहते. अख्खी नोकरी नर्स म्हणून केली, मुडदे धुतले, कधी घाबरले नाही. तर अशा बाईचा हा अनुभव आहे... हसायचं असेल तर खुशाल हसा.

नागपूरकडच्या सौसरचा सरकारी दवाखाना, कापूस वेचणीचे दिवस. त्याच वर्षी, छप्पन साली, राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. कोणाला कुठं जायचं ते नोकरीवाल्यांना विचारलं होतं. आमच्या केस पिकलेल्या मोठ्या सिस्टरना सारं गाव नुसतं ‘बाई’ म्हणे. त्यांचा भाऊ नागपूरला, म्हणून त्या जाणारच असं आम्ही धरून चाललो होतो. पण बाई म्हणाल्या, "मी गेली तर रामाकोन्यासारख्या खेड्यातल्या बाया सुई घ्यायले नागपूरले येतीन काय? अन् हा दवाखाना या कुसुमच्या भरवशावर सोडू?"

कुसुम म्हणजे मी. खरंच लई घाईची होते.

पेनिसिलिन द्यायच्या आधी बाई पेशंटच्या हातावर त्याच औषधाचा एक थेंब टोचत, भोवती जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं गोल काढत, बाजूला वेळ लिहीत अन् वीस मिनिटं चष्म्यातून घड्याळाकडे पाहत बसत. गोलातली जागा सुजली तर औषध द्यायचं नाही, माणूस जागीच जाऊ शकतो. एकदा मी टेस्ट न करताच सुई भरली, तर त्यांनी माझ्या हातातून ट्रेच हिसकावला. "थांबल्यानं कोनी मरत नाही पोरी, घाईनं मरते!"

त्याच बाई आठ दिवसांच्या काविळीत गेल्या. मीच त्यांना शेवटचं न्हाऊ घातलं, अन् ती पेन्सिल त्यांच्या पदराला बांधून दिली. मोक्षधामात त्यांच्यासोबत जळाली ती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या आवारात शोकसभा होती. मला बाईंवर दोन शब्द बोलायचे होते. तेवढ्यात रामाकोन्याची गिरजा पहिल्यांदाच दवाखान्यात आली, सोबत सासू. पायात कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट घुसून पाय सुजलेला, अंग तापानं फणफणलेलं, कडेवर चार महिन्यांची पोर. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं अन् ते सभेत जाऊन बसले. बाहेर सभेतून हाका सुरू... "कुसुमबाई, चाला ना लवकर!"

मी आतल्या खोलीत गेले, नव्या बाटलीचं सील फोडलं, सुई भरली. टेस्ट? राहू दे, एका वेळेनं काय होते — असं मनात म्हटलं. आजही लाज वाटते.

"दंड मोकळा कर वो," म्हणत बाहेर आले. गिरजानं हात पुढं केला.

मनगटाच्या वर जांभळा गोल होता. बाजूला लिहिलेलं — २-१०. दोनाच्या शेपटीला बाई गाठ मारत, तशी गाठसुद्धा. अन् गोलाच्या आत बोराएवढी लाल गांधी उठलेली. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"हे... कोनं केलं?"

"त्या म्हाताऱ्या सिस्टरबाईनं ना जी, चष्मेवाल्या. मगाशी बाकावर येऊन बसल्या होत्या. म्हनल्या, सुईच्या पहिले कुसुमले हात दाखवजो, तिले लई घाई असते."

सासूनंही मान डोलावली. "लई मायाळू बाई वो."

भरलेली सुई मी मोरीत रिकामी केली. पिचकारी हातातून सुटून फुटली. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, पंधरा दिवसांत गिरजा चालायला लागली. सभेत मात्र माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लोक म्हणाले, पोरीचा बाईंवर किती जीव!

डॉक्टर म्हणाले, स्टाफपैकी कोणी टेस्ट केली असेल. सगळ्यांना विचारलं, कोणीच केली नव्हती. पण मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. दवाखान्यात त्या दिवशी पेनिसिलिनची ती एकच बाटली होती, अन् तिचं सील मी फोडलं अडीचला. मग दोन-दहाला गिरजाच्या हातात टोचलं काय?

त्या पोरीच्या लग्नात गिरजानं मला मांडवात बसवून पातळ दिलं. "तुमच्यानंच वाचली मी, बाई," म्हणाली. मला लोक आता बाई म्हणत होते. मी पातळ घेतलं अन् रडले.

मी तिच्यासमोर भरलेली सुई घेऊन उभी होते, हे तिला कधीच सांगितलं नाही.