शेवटपर्यंत सरकवल्याशिवाय न पेटणारं बटन

"अगं, खालपर्यंत जाऊन आलो, तरी तुझं बटन पेटंना!" स्वामी सर फोनवर ओरडून राहिले होते. त्यांचं लातुरात क्लासच्या पोरांचं हॉस्टेल. ऑनलाइन ॲडमिशन घेताना पालकांनी नियम शेवटपर्यंत सरकवले, तरच ‘मान्य’चं बटन चालू व्हावं, ही त्यांची अट. दुसऱ्या दिवशी डेमो, आणि मी नोकरीत अजून ट्रायलवर.

दहावीतच शाळा सुटलेली मी, इस्लापूरची. वेबसाइटी बनवणाऱ्या कांबळे मॅडमनी मार्कशीट न मागता कॉम्प्युटरपुढं बसवलं होतं. डेमो फसला तर त्यांचा क्लायंट जाणार आणि मी गावाकडं, किनवटच्या एसटीत.

नियमांचं पान सरांच्या जुन्या वेबसाइटवर होतं. आमच्या पानात एक खिडकी करून ते दाखवलेलं. अशा खिडकीला आयफ्रेम म्हणतात. आत कुणी स्क्रोल केलं तर बाहेरच्या पानाला पत्ताच लागत नाही. बाहेरून आत डोकवायला गेले, तर ब्राउझरनं अडवलं. साइट दुसऱ्याची.

मॅडम म्हणाल्या, "मग आतल्यालाच बोलायला लाव की."

सरांकडून त्या साइटचा पासवर्ड घेतला. तळ आला की बाहेरच्या पानाला निरोप धाडायचा, एवढं जावास्क्रिप्ट आतल्या पानात लिहिलं. मोबाइलवर बटन झकास पेटलं. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर मात्र मेलेलंच. तिथं सगळे नियम एका नजरेत मावत होते. सरकायला जागाच नाही, तर निरोप कशाचा? घाबरून मी नियमच वाढवले. सुचेल ते टाकत गेले.

डेमोला सरांनी सर्रकन माऊसचं चाक फिरवलं. बटन पेटलं. दाबलं.

"लई भारी!"

"सर, शेवटचा नियम वाचलात का?" मॅडमनी विचारलं.

"सगळे वाचले की."

मॅडमनी मोठ्यानं वाचलं, "संचालक दर रविवारी पोरांच्या पंगतीत मेसचं जेवतील."

मी खुर्चीवरून उठले. "मी लिहिलं, सर. पान लांब करायला."

"काढ आधी!" सर ओरडले.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. लिंक त्यांनी सकाळीच पालकांच्या ग्रुपवर टाकली होती. रेणापूरचे एक पालक स्पीकरवर बोलून राहिले होते, "सर, शेवटचा नियम लई पटला बघा. पोरगं तुमच्याकडंच टाकतो."

सरांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "हाव, राहू दे. पण या पोरीला आता काढू नका, मॅडम. रविवारी हिलाबी माझ्यासोबत पंगतीत बसवा. मी एकट्यानंच कशाला भोगायचं?"

आता मी पान उघडताच त्याची उंची तपासते. सगळं मावत असेल तर बटन लगेच पेटतं. पान तळाला गेलं, हे कोडला कळतं. वाचलं का, ते रविवारी मेसमध्ये कळतं.