वेराकाकूच्या गावच्या बाया

कोराडीच्या पॉवर स्टेशनच्या कॉलनीत खिडकीच्या कट्ट्यावर राख साचायची, तसेच माणसांचे किस्से साचतात. आज पुसा, उद्या पुन्हा आहेतच. माझ्याकडचे निम्मे वेराकाकूचे.

काकू डॉन नदीकाठच्या कोसॅक खेड्यातली. आमच्या पॉवर स्टेशनातले इंजिनिअर काका ट्रेनिंगला रशियात गेले आणि येताना तिला घेऊन आले. आता काका नाहीत, मुलगा कॅनडात. नागपुरात सक्करदऱ्याच्या फ्लॅटमध्ये ती एकटी. मराठी बोलते ती शेजारणींकडून उचललेली, अस्सल वऱ्हाडी. तिच्या स्वतःच्या बोलीत तिच्याशी बोलणारं एकच माणूस उरलं होतं, गावाकडची थोरली बहीण न्यूरा. रविवारी चारला न्यूराचा व्हिडिओ कॉल यायचा. तोवर मी आणि कॉलनीतली माझी मैत्रीण कुंदा चहा घेत किस्से ऐकायचो.

*

काकू पहिल्यांदा सासरी आली तेव्हा सासूबाई गोवऱ्या थापत होत्या. परदेशी सून नाक मुरडणार म्हणून त्यांनी घाईघाईने टोपलं झाकलं. काकूने बाह्या सारल्या आणि बसली थापायला! तिकडेही हिवाळाभर चूल शेणावरच पेटायची आणि ते काम बायांचंच. सासूबाई म्हणाल्या, "हे त आपल्यातलीच निघाली वं."

*

हा तिने आईकडून ऐकलेला. दुसरं महायुद्ध संपलं, पण गावात पुरुष परतलेच नाहीत. घोडेही गेले. बायांनी घरच्या गाई नांगराला जुंपल्या. नांगर ओढून गाई आटल्या, पण घरटी ठरलेलं दूध सरकारला द्यावंच लागायचं. वसुलीला साहेब आला. आईने जू त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, दूध पाहिजे असेल तर आज गाईच्या जागी तुम्ही. साहेब गुपचूप शेजारच्या घरी गेला. तिथेही जू तयार होतं!

*

पुढे आई सामुदायिक शेताच्या गोठ्यावर लागली. एका महिला दिनाला शेताच्या अध्यक्षांनी तासभर भाषण दिलं. बाई आता मोकळी झाली, वगैरे. उत्तम कामाबद्दल आईला डोक्याला बांधायचा रुमाल दिला. टाळ्या थांबल्या तसं त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला बायांनो, गाई खोळंबल्यात." आई नवा रुमाल बांधूनच दूध काढायला गेली.

हा किस्सा सांगताना काकू हसते. पण एकदा म्हणाली, "आई मले बसलेली आठवतच नाही वं."

*

यंदा उन्हाळ्यात न्यूरा गेली. काकूचे गुडघे, व्हिसा, विमान, तिकडे जाणं काही जमलं नाही.

पुढच्या रविवारी चार वाजता काकूने नेहमीसारखा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. कॉल येणार नाही हे तिघींनाही माहीत होतं. मला रडू आलं.

काकू फोनकडे बघत बसून राहिली आणि मध्येच गाऊ लागली. कॉल संपवताना दोघी बहिणी म्हणायच्या तेच, कापणीचं. त्यांच्याकडे हे गाणं एकटीने म्हणत नाहीत. कडव्याची पहिली ओळ थोरलीने एकटीने म्हणायची, मग धाकटीने वरच्या पट्टीत आवाज लावायचा. काकूने आपला, धाकटीचा तेवढा भाग म्हटला आणि पुढच्या कडव्यापाशी थांबली.

इतक्या रविवारी ऐकून कुंदाला चाल पाठ झाली होती. तिला राहवलं नाही, तिने पुढच्या कडव्याची पहिली ओळ गुणगुणायला घेतली.

काकूने हात वर केला. "थांब वं कुंदा. ते न्यूराचं हाये."

मग ती ओळ संपायला लागला असता तेवढा वेळ ती थांबली आणि तिने आपला आवाज लावला.