मसलमधला उंदीर

"दंड दाखव लेका!" वर्गात शिरल्या शिरल्या मास्तर पहिल्या बाकावरच्या पोराची बाही वर सारायचे. पोरानं मूठ आवळून बेटकुळी काढली की म्हणायचे, "हिला इंग्रजीत मसल म्हणत्यात. मूळ लॅटिन शब्द, अर्थ छोटा उंदीर! कातड्याखाली पळतोय बघा. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. माणसं सगळीकडं सारखीच की!"

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि शिवाजी पेठेत त्यांच्या शेजारी राहायचो. त्यांचा वर्ग हसून लोळायचा आणि भिंतीअलीकडं माझ्या प्रमेयाचा बोऱ्या वाजायचा. पण रागवणार कुणावर? तुम्ही असतात तर तुम्हीही बाही वर केली असतीत.

दंडाचं एवढं कौतुक, कारण त्यांचा थोरला तालमीत होता. गुणाचं पोर. एकदा जत्रेच्या मैदानात त्याच्याहून वजनदार पैलवानाशी त्याची जोड लावायचं निघालं. वस्ताद नको म्हणत होते. मास्तर इरेला पेटले. "पेठेची अब्रू हाय. लढंल की!"

समोरच्यानं उचलून आपटला तो नेमका खांद्यावर. उजवा हात लुळा पडला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यातले मज्जातंतू तुटलेत, आता हा हात उठायचा नाही.

"डाक्टरला तालमीतलं काय कळतंय?" असं म्हणून मास्तर रोज सकाळी दारातल्या कट्ट्यावर पोराचा हात मांडीवर घेऊन तेलानं रगडू लागले. हात वाळतच चालला. "बघा बघा, हलला न्हवं उंदीर?" मला विचारायचे. मी मान हलवून नाही म्हणायचो. मग हळूच पुटपुटायचे, "जोड मीच ठरवली हो. मीच." शाळेत आता कुणाची बाही वर होत नव्हती. मला त्यांचा संताप यायचा आणि कीवही यायची.

एके दिवशी मास्तर तेल आणायला आत गेले तेव्हा न राहवून मी पोराला विचारलं, "एवढं रगडतात, दुखत नाही का रे?"

"कळतंय कुठं काका? कुणी हात धरलाय त्येबी कळत न्हाय. पण आबांच्या जिवाला तेवढंच बरं वाटतंय."

मास्तर वाटी घेऊन मागं दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते पोराजवळ येऊन बसले, त्याचा डावा हात मांडीवर घेतला आणि तेल लावू लागले.

"आबा, ह्यो हात चांगला हाय की."

"असू दे," मास्तर म्हणाले. "ह्याला कळंल तरी."