बारावा चाकू

साल सत्त्याऐंशी. मी तेव्हा एक्कावन्न-बावन्न वर्षांचा. जन्माची तारीख घरात कुणी लिहून ठेवली नाही, आई सांगायची त्या हिशेबाने एवढाच. मी मूळचा साक्रीकडचा. तिकडची शेती पावसावर, म्हणून लग्न झाल्यावर बायकोला घेऊन सावद्याला केळीच्या कामाला आलो आणि तिथलाच झालो. शाळा दुसरीपर्यंत. पण केळीचा घड तोडण्यात माझ्यासारखे हात थोडे होते, हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारे आता फारसे उरले नाहीत.

घड दोघं मिळून उतरवतात. एक जण खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवून घडाखाली मान वाकडी करून उभा राहतो, दुसरा वरून विळ्याने दांडा तोडतो. तोडणाऱ्याचा मान मोठा. आमच्या टोळीत तोडणारे आणि खांदा देणारे मिळून बारा, वर मुकादम. मी तोडणारा. मला खांदा देणारा जोडीदार माझ्याहून बराच लहान, मला आबा म्हणायचा, आणि जिभेचा फटकळ.

विळ्याशिवाय प्रत्येकाच्या कमरेला एक चाकू असायचा. वाळली पानं काढायला, दोरी तोडायला. साधा, लोहाराकडचा, फडक्यात गुंडाळून खोचलेला. महिनाभर आधी जोडीदार घड घेऊन वाकला, तेव्हा तोच चाकू फडक्यातून निघून त्याच्या मांडीत घुसला होता. टाके पडले. म्हणून दिल्लीला केळी नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने घडीचा चाकू आणून दाखवला, तेव्हा सगळ्यांत आधी ‘मला पाहिजे’ म्हणाला तो जोडीदारच.

चाकू होताच तसा. पितळी मूठ, तिच्यात काळ्या लाकडाची पट्टी, आणि पातं असं की त्यात मिशी बघून घ्यावी. पात्याला एक बारीक खाच. तिच्यात अंगठ्याचं नख घालायचं, वर ओढायचं, की खट्‌. ड्रायव्हर म्हणाला, “तिकडं एक कारागीर आहे. महाग आहे, पण जन्माला पुरेल. एक डझनाखाली तो हात लावत नाही.”

दुपारी भाकरी खाऊन आम्ही बांधावर बसलो होतो. आमच्यात पातं हातातून हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. केळीच्या पानावर ठेवायचं, पुढच्याने उचलायचं. तसा तो चाकू एकेकापुढे सरकत आला. जो तो उघडायचा, खट्‌, मिटायचा, पानावर ठेवायचा. माझ्यापुढे आला. मी उचलला, हातात तोलून बघितला, मूठ फिरवली, आणि न उघडताच खाली ठेवला.

“आबा, उघडून तर बघा!”

“मला मिटलेल्यावरून कळतं.”

“बायकोबी अशीच न बघता केली वाटतं?” जोडीदार म्हणाला. सगळे हसले.

“केली. म्हणून तर आता घाई करत नाही.”

आणखी हसले. पण ड्रायव्हरला घाई होती. “उद्या सकाळी गाडी भरून निघतो. अकरा जण हो म्हणाले. बारावे आबा. ते नसतील तर कुणाचाच येणार नाही.”

“हत्याराला सांधा आला की ते दगा देतं,” मी म्हणालो. “मला नको.”

जोडीदार हसायचा थांबला. धोतर बाजूला करून त्याने मांडीवरची खूण दाखवली. “आणि ह्यानं दिला तो दगा नव्हे का, आबा? तुमच्या एकट्याच्या हट्टापायी अकरा जणांचं अडवता?”

मी उठून विळा उचलला. हट्ट असता तर बोललो असतो. खरी गोष्ट अशी की त्या हिवाळ्यापासून माझा उजवा अंगठा वाकत नव्हता. सुजलेला नाही, दुखतही फार नाही, पण मालकाचं ऐकत नाही. विळा चार बोटांनी धरता येतो. अंगठा वरून नुसती कडी लावतो. ती कडी गेली होती, हे टोळीत कुणाला ठाऊक नव्हतं. मुकादमाला कळलं तर माझ्या हातातला विळा जाणार, आणि विळा गेला तर सावद्यात माझं काय राहणार, असं मला वाटायचं.

त्याच दुपारी एका घडावर माझा घाव तिरपा बसला. दांडा तुटला नाही, फाटला. घड गरकन फिरून जोडीदाराच्या खांद्यावर आदळला.

“काय आबा, हात जड झाला काय?”

“दांडा जून होता,” मी म्हणालो. दांडा कोवळा होता. त्यालाही दिसत होता.

संध्याकाळी घरी आलो. सदऱ्याची बटणं बरेच दिवस बायकोच काढत होती. तिच्या तोंडची बोली साक्रीचीच राहिली. सगळं ऐकून ती म्हणाली, “उघडता येत नई, हाई सांगाले लाज वाटस का?”

“मुकादम तोडायचं काम काढून घेईल.”

“आनि त्या पोऱ्यानी मान गई तं?”

एवढंच बोलून ती चुलीकडे वळली.

मी ओट्यावर बसून विचार केला. एक वाट सोपी होती. हो म्हणायचं, चाकू आला की खिशात ठेवायचा, आणि कुणापुढे काढायचाच नाही. अकरा जण खूश, माझीही अब्रू शाबूत. ही वाट मला बराच वेळ आवडली. मग वाटलं, चाकू खिशात लपेल, विळा कसा लपवू? तो तर रोज जोडीदाराच्या मानेपासून वीतभर अंतरावर चालणार. मी म्हणत होतो माझा मान, माझा मान. त्या मानासाठी खाली उभा दुसराच राहत होता. मी कुणाचं ऐकून वागणारा माणूस नव्हे, बायकोचंही नाही. पण हे मी माझंच मला सांगितलं होतं, ते ऐकणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ट्रकपाशी गेलो. टोळी चहा पीत होती, मुकादमही होता. ड्रायव्हरला म्हणालो, “काढ तो चाकू.” त्याने चाकाच्या आडोशाला पानावर ठेवला. मी उचलला, सगळ्यांसमोर खाचेत नख घातलं. पातं जागचं हललं नाही. पुन्हा घातलं. नाही.

“बघून घ्या,” मी म्हणालो. “हट्ट नाही, अंगठा गेलाय. बारावा माझा धर. कारागिराला सांग, माझ्या चाकूला खाच मोठी ठेव, दोन बोटांची चिमूट बसेल अशी.”

कुणी हसलं नाही, तेच मला जड गेलं. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, “आबा, माझा डावा गुडघा वाकत नाही, तरी दिल्ली येतेच की.” मग हसले.

मुकादमाने विचारलं, “मग तोडणार कोण?”

“हा,” मी जोडीदाराकडे बोट केलं. “दांडा कुठं धरायचा, घाव कसा घालायचा, मी सांगेन.”

बागेत गेल्यावर विळा जमिनीवर ठेवला. त्याने उचलला. मी गोणपाटाची घडी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि पहिल्या घडाखाली जाऊन उभा राहिलो.

“आबा, मान नीट वळवा बरं,” तो विळा वर धरून म्हणाला. “माझा पहिलाच आहे.”

“माझ्याकडं बघू नको,” मी म्हणालो. “दांड्याकडं बघ, आणि हाण.”