डावा तळहात

प्रिय चिन्मय आणि सई,

गेल्या रविवारी फोनवर तुमची आई रडत होती. चिन्मयच्या दप्तरात तिला ती वाफ ओढायची कांडी, व्हेप म्हणतात ती, सापडली. अभ्यासाचं टेन्शन आलं की त्यानं बरं वाटतं, एवढंच तो तिला म्हणाला. आई, तू तरी त्याला रागाव, असं तिनं मला सांगितलं. मी रागावले नाही. मला तो अधिकार का नाही हे घरात फक्त तुमच्या आजोबांना माहीत होतं, आणि ते आता नाहीत. म्हणून हे लिहून ठेवते आहे. तुमच्या आईलाही हे ठाऊक नाही, जरी या गोष्टीत ती आहे. तिला वाचून दाखवा.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आम्ही नव्यानं तिथं राहायला आलो होतो. नव्या जिल्ह्याचं कौतुक संपायच्या आत पावसानं पाठ फिरवली. आजोबा कलेक्टर कचेरीत होते. कोणत्या गावाला टँकर जाणार याच्या याद्या त्यांच्या टेबलावर असत, त्यामुळे उजाडल्यापासून दारात माणसं उभी. ते सगळ्यांशी गोड बोलत आणि घरात आले की बोलणं बंद करत. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. मी घर आवरत राहिले. डबे पुसले, कपाटं लावली, वह्या तपासल्या.

त्याच सुमारास दाढ दुखली म्हणून शेजारणीनं चिमूटभर मिश्री दिली. मिश्री म्हणजे तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू. डाव्या तळहातावर घ्यायची आणि उजव्या हाताच्या बोटानं दातांवर घासायची. डोकं हलकं होतं. दहा मिनिटं काही आठवत नाही. दाढ आठवड्यात दुखायची थांबली, मिश्री थांबली नाही. दिवसातून दोनदा होती ती सहा-सात वेळा झाली. वर्गात मुलींना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत घरी येऊन दार लावून घ्यायचं, असं माझं चाललं होतं.

आपल्या लिंगायतांत इष्टलिंग गळ्यातल्या करंड्यात असतं हे तुम्ही पाहिलं आहे. रोज ते करंड्यातून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पळीभर पाणी घालायचं, भस्म लावायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. लग्नाआधीपासून माझी ही पूजा चुकली नव्हती. पण मिश्री लावली की चूळ भरायला आणि हात धुवायला तांब्याभर पाणी लागतं, आणि पाणी घरात मोजकंच. मी तो तांब्या मिश्रीला दिला. वासाच्या हातावर लिंग घेववेना, म्हणून करंडा न उघडताच डोळ्यांना लावून पूजा आटोपू लागले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा दुष्काळाचं कारण सांगितलं. दुष्काळावर तेव्हा काहीही खपत होतं.

अशात मला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरबाईंनी तपासताना सरळ विचारलं, मिश्री लावता का? मी नाही म्हणाले. माझ्या नीटनेटक्या साडीकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाहेर येऊन मी स्वतःला बजावलं, उद्यापासून बंद. तो उद्या पाचवा महिना लागला तरी उजाडला नव्हता.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. सासूबाई शिरूर अनंतपाळला होत्या, तिथल्या विहिरीला थोडं पाणी होतं, म्हणून मी एसटीनं निघाले. वाटेत एका फाट्यावर गाडी बंद पडली. मागून आलेल्या ट्रकमध्ये सगळे चढले. मेकॅनिक आणायला त्यातूनच निघालेला कंडक्टर मलाही बोलावत होता, पुढं ड्रायव्हरशेजारी जागा करून देतो म्हणाला. या अवस्थेत ट्रक नको, असं मी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. सकाळपासून मिश्री लावली नव्हती आणि चारचौघांत लावायची लाज वाटत होती. सगळे गेले की लावता येईल, एवढ्यासाठी मी पोटातल्या बाळासकट त्या उन्हात मागं राहिले. एसटीचा ड्रायव्हर गाडीतच झोपला होता.

लिंबाखाली बसून मी डबी उघडली, मिश्री तळहातावर घेतली आणि पोटात कळ आली. मागच्या वेळची कळ मला ओळखीची होती. ही तशीच होती. हात तसाच उघडा राहिला. देवाचं नावही आठवेना.

जवळच खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं. तिथली एक वयस्कर बाई डोक्यावर घागर घेऊन येत होती. मला बघून ती थांबली, घागर उतरवली आणि माझ्या हाताकडे बघितलं.

"कितवा हाय, माय?"

"पाचवा."

ती रागावली नाही. डाव्या कुशीवर निज म्हणाली, स्वतःचं फडकं भिजवून माझ्या कपाळावर ठेवलं. मग माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बोट दाखवलं.

"तुमच्यात देव हातावर घेत्यात न्हवं? आमचा बसलाय डोंगरावर, गुडघे मोडुस्तोवर चढावं लागतंय. तुमचा गळ्यातच हाय, तर त्याच्या जागी हिला बसवलंस व्हय?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मी तिला सगळं सांगितलं. पहिलं बाळ, डॉक्टरबाईंशी बोललेलं खोटं, ट्रक का सोडला तेही. जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते त्या बाईला सांगितलं. ती नुसती मान हलवत हाव, हाव म्हणत राहिली. मग लांबून आणलेलं ते पाणी तिनं माझ्या तळहातावर ओतलं. ओंजळभर नाही, वास जाईपर्यंत. नको, नको म्हणाले तर म्हणाली, "पानी मी पुन्ना आणीन. तू त्याला घे हातावर. एका हातावर एकच मावतंय."

मी करंडा उघडला. किती वेळ बघत होते सांगता येत नाही. कळ हळूहळू ओसरली. डोळे उचलले तेव्हा मेकॅनिकला घेऊन कंडक्टर परतला होता. बाई कामावर निघून गेली होती. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मिश्री कायमची सुटली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नंतर दोनदा मी पुन्हा लावली. पण लातूरला परतल्यावर आधी डॉक्टरबाईंना खरं सांगितलं, मग आजोबांना. ते म्हणाले, "अगं, माहीत आहे मला. वास येतो." मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नळाला पाणी नसताना मी मोरीत अर्धा अर्धा तास काय करतो, ते तू कधी विचारलंस?" ते तिथं बसून रडायचे. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्या बाळाबद्दल पहिल्यांदा बोललो. पुढं रोज जेवणाआधी स्टेशनपर्यंत चालत जायचो, बोलत किंवा न बोलता. तल्लफ आली की मी हात धुऊन लिंग हातावर घ्यायचे. तुमची आई दिवस भरून जन्मली. थोडी लहानखुरी होती, पण रडणं मोठं.

ती तीन महिन्यांची झाल्यावर मी तिला घेऊन त्या फाट्यावर गेले. खडीचं काम संपलं होतं. वर्णन सांगितलं, तर लोक म्हणाले, अशा किती बाया येऊन गेल्या. ती बाई होती की देव, यावर मी कधी वाद घातला नाही. तिनं एक घागर पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात तेवढं कोणी कोणाला देत नव्हतं.

देवाला शरण जाणं म्हणजे ज्यांना आपलं आपण निभावता येत नाही त्यांचा मार्ग, असं मला तरुणपणी वाटायचं. पण लिंग हातावर असतं तेव्हा त्या हातानं दुसरं काहीच करता येत नाही. काही आवरता येत नाही, काही लपवता येत नाही. तेवढा वेळ आपलं ओझं दुसऱ्यानं धरलेलं असतं. चिन्मय, ती कांडी फेकून दे असं मी म्हणत नाही, तुझी आई ते म्हणेलच. कोणातरी एकाला सगळं खरं सांग. मला सांगितलंस तरी चालेल, मी रागावणार नाही.

फाट्यावरचा लिंब रस्तारुंदीत गेला. आजोबा गेले. माझी सकाळची पूजा चालू आहे. मिश्रीची पितळी डबी घरातच आहे, तिच्यात मी सेफ्टी पिना ठेवते.