टेपांचं वजन

भंडाऱ्याच्या एका ऑफिसात मी झाडलोट करायची. कॉम्प्युटरच्या टेपांचं नवं मोठं यंत्र आलं, तेव्हा साहेब जुन्या टेपांवरचा बॅकअप त्यातल्या नव्या टेपांवर नेत होते. मी लाजरी, पण राहवलं नाही. एक जुनी, एक नवी टेप हातांत तोलून पाहिली. साहेबांनी नेमकं पाहिलं.

"काय बाई, धान समजली काय?"

"भरलेली जड लागत नाही, साहेब. मग सारं नवीवर गेलं हे कसं कळते?"

"नवीवरून वाचून पाहून राहिलो. चुकलं आन् जुनी पुसली, तर साऱ्या ऑफिसचं काम गेलं."

पडद्यावर सगळं जुळेपर्यंत मी झाडू धरून तिथंच उभी राहिले. मग साहेबांनी जुनी पुसली.

"पुसलेलं जाते कुठं?" मी विचारलं.

साहेबांनी टेप उलटून पाहिली. "मलेही कोणी सांगितलं नाही, बाई."