बाबा ‘आपण’ म्हणाले

आमच्या फ्लॅटच्या दाराला बायकोनं बांधलेलं लिंबू-मिरची मीच काढून कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये टाकलं होतं. तेव्हा माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास, हे वेगळं सांगायला नको. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलो... आज स्वतःच लिहायला बसलोय. कुणी हसलं तरी चालेल.

साल २००९. सिंगापूरमध्ये क्लेमेंटीला एमआरटी, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनजवळ आमचा फ्लॅट. मी एका बँकेत ऑपरेशन्समध्ये होतो – होतो, कारण त्या मंदीत एका सकाळी आमची अख्खी टीम कमी केली. आम्ही पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी, त्यामुळे लगेच गाशा गुंडाळावा लागणार नव्हता, एवढंच. पण त्याच आठवड्यात माझे वडील कराडहून आमच्याकडे यायचे होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्यातून त्यांची बायपास झालेली.

“त्यांना सोसायचं नाही,” मी स्मिताला, माझ्या बायकोला, म्हटलं. “ते परत जाईपर्यंत बोलायचं नाही.”

“आणि रोज सकाळी तुम्ही जाणार कुठं?”

“जाईन कुठंतरी.”

बेकार माणसाला सिंगापूर फार लवकर पाठ होतं. जिथं तिकीट नाही तिथं जायचं. फॉर्मल शर्ट, खांद्याला रिकामी लॅपटॉप बॅग. रॅफल्स प्लेसला उतरायचं, नदीकाठानं चालत राहायचं, जुना कॅव्हेना पूल ओलांडायचा. पुलाच्या पायथ्याशी ब्राँझची लहानशी मांजर आहे, पिल्लांसकट. तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. का, ते सांगता येणार नाही. माझी वाट कुणी बघत नव्हतं, म्हणून असेल. मग मरलायनच्या पुतळ्यापाशी पर्यटकांच्या गर्दीत उभं राहायचं, एस्प्लनेडच्या लायब्ररीत एसीत पेपर वाचायचे आणि उकाडा सोसेल तोवर वर गच्चीत बसायचं. दुपारी पुन्हा तोच फेरा. कुठल्या बाकावर कधी सावली येते, हे मला ऑफिसच्या कामापेक्षा चांगलं कळायला लागलं होतं.

भीती एकच – मराठी कानावर पडण्याची. कामाच्या दिवशी नदीवर रेंगाळताना ओळखीच्या कुणी पाहिलं तर काय सांगायचं? मराठी ऐकलं की मी मान खाली घालून वेग वाढवायचो. एकदा तर भर दुपारी पुलावर मागून चक्क ‘सुन्या’ अशी माझ्याच नावाची हाक आली. वळलो नाही. सुन्या काय, पर्यटकांच्या प्रत्येक बसमध्ये एक असतो.

इकडे घरी बाबा दुपारी जेवले की आडवे व्हायचे. जन्म पाटबंधारे खात्यात गेला, पण वामकुक्षी कधी चुकली नाही.

“बाबा जे झोपतात ना, हाक मारली तरी ओ देत नाहीत,” स्मिता म्हणाली.

“आजोबा कान्ट वेक अप वन, लाह,” आमची लेक ईशा तिथल्या इंग्रजीत म्हणाली. ती शाळेतून दुपारी घरी यायची आणि हॉलमध्ये अभ्यासाला बसायची. “आय शाऊटेड!”

आणि संध्याकाळी बाबांचे पाय दुखायचे. नुसते दुखायचे नाहीत, घोटे सुजलेले असायचे. स्मिता कोमट पाणी आणून द्यायची.

“काय हो बाबा, झोपून झोपून पाय दुखतात होय?”

“सूनबाई, चालल्यावर पाय दुखायचेच.”

आम्ही हसलो. पण सूज वाढत गेली, दमही लागायला लागला. मग मी त्यांना खालच्या ब्लॉकमधल्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मलाच दटावलं, बायपास झालेल्या माणसाला या वयात एवढं चालवता कशाला, म्हणून.

“ते तर खाली चहालाही उतरत नाहीत,” मी म्हटलं.

बाईंनी पुन्हा घोटा दाबून बघितला. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता आणि त्यांचा माझ्यावर. सूज उतरली नाही तर हृदयाच्या तपासण्या कराव्या लागतील, असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री मी आणि स्मिता, दोघंही झोपलो नाही.

शनिवारी स्मिता म्हणाली, “त्यांना जरा मोकळ्या हवेत न्या. टॅक्सीनं न्या, बसवा आणि परत आणा.” म्हणून मी बाबांना नदीवर नेलं. दुसरीकडे कुठं न्यायचं हे सुचण्याइतकंही डोकं शिल्लक नव्हतं.

टॅक्सीतून उतरल्यावर मी हात धरायला गेलो, तर बाबा माझ्यापुढे चालायला लागले. डाव्या बाजूचा पहिला बाक सोडला.

“इथं ऊन येईल आत्ता. आपण त्या पलीकडच्या बाकावर बसतो.”

मला वाटलं, ‘बसू या’ म्हणायचं असेल, दमल्यामुळे बोलण्यात चुकलं. आम्ही बसलो. नदीतून लाकडी बोट गेली. बाबा घोटा चोळत म्हणाले, “आज मांजरीला हात लावायचा राहिला की रे.”

“कुठल्या मांजरीला?”

“अरे, रोज पाठीवरून हात फिरवतोस की. आपण पूल उतरलो की.”

मराठी माणसाला हा शब्द फोड करून सांगायची गरज नाही. ‘तू’ नाही, ‘आम्ही’ नाही. बोलणारा आणि ऐकणारा, दोघं मिळून – आपण.

“बाबा... तुम्ही इथं कधी आलात?”

लहानपणी गणित चुकल्यावर बघायचे, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

“रोज तर येतो आपण. तू पुढं, मी मागं. केवढा चालतोस रे उन्हाचा! पुलावर हाक मारली, तर आणखीच भरभर निघालास.”

मांजरीचं स्मितालाही माहीत नव्हतं. त्या हाकेचं तर कुणालाच नाही.

“सोमवारी जरा कमी चालू या,” बाबा म्हणाले. “मला आता होत नाही.”

मग मी सांगितलं. नोकरी गेली, रोज खोटं बोलून घराबाहेर पडतो, तुमच्या छातीची काळजी म्हणून लपवलं... सगळं. पाण्याकडे बघत सांगितलं, तोंडाकडे बघवलं नाही.

“मग घरी बस की,” बाबा म्हणाले. “नोकरी गेली म्हणून उन्हात उभं राहायचं, हे कुणी सांगितलं तुला? तू काय कोंबडी चोरलीयस?” आणि थोड्या वेळानं, “टॅक्सी बोलाव.”

सोमवारपासून मी घरीच राहिलो. बाबा दुपारी झोपले आणि चहाच्या पहिल्या हाकेला उठून बसले. पुढे सूजही उतरली, तपासण्यांची वेळ आली नाही.

मी नंतर एकदा विचारलं. “मी?” ते म्हणाले. “मी तर दुपारी झोपलेला असायचो की रे.” आठवत नव्हतं, की बोलायचं नव्हतं, कळलं नाही.

मित्र म्हणतात, ते तुझ्या मागोमाग गुपचूप येत असतील. पण बाबांकडे एमआरटीचं कार्ड नव्हतं, इंग्रजी जेमतेम, दाराच्या जाळीला कुलूप आणि हॉलमध्ये ईशा. दुसरे म्हणतात, झोपेत तूच बडबडला असशील. बडबडलोही असेन. पण मग सुजलेले घोटे कुणाचे?

ठरल्याप्रमाणे बाबा कराडला परत गेले. मला नोकरी मिळायला त्यानंतरही बरेच महिने लागले. घरात जीव गुदमरायचा. स्मिता म्हणायची, “जा की जरा नदीवर, तेवढंच बरं वाटेल.” मी बूट घालायचो आणि दारातूनच परत यायचो.

क्लेमेंटीहून नदी तशी जवळ होती. कराडहून एवढं लांब बाबांना माझ्यामागं चालायला लावायचं माझ्या जिवावर आलं.